डोंगरावरचं घर, परदेशातला मालक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कर्जत-खालापूर भागात मी चाळीस वर्षं वकिली केली. कामं बहुतेक जमिनीची. वाटण्या, वहिवाटीच्या वाटा, बांधावरची भांडणं आणि खरेदीखतं. आता काम बंद केलंय, पण सातबारा वाचायची सवय काही गेलेली नाही. एका पावसाळ्यात ती सवय घरातच कामाला आली. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

माझा पुतण्या पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे. तिथला नागरिक झालाय. ओसीआय कार्ड आहे. सूनबाई तिकडचीच. ऑगस्टात दोघं इथे आली आणि दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "काका, चौकजवळ एक जागा बघितलीय. डोंगराच्या उतारावर. खाली मोरबे धरणाचं पाणी. निवृत्तीनंतर सहा महिने इथे राहायचा विचार आहे. उद्या बघायला येता का?"

गेलो. तुम्हाला माहीतच आहे, ऑगस्टात आपला हा मुलूख कसा दिसतो ते. माथेरान-प्रबळगडावर ढग उतरलेले, इर्शाळगडाचा सुळका मधूनच दिसतोय, कड्याकड्यांवरून पाणी कोसळतंय आणि खाली धरण तुडुंब. सूनबाई काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं, घ्यावी यांनी.

तिथला एजंट मुलगा चुणचुणीत. म्हणाला, "साहेब, फार्महाऊस प्लॉट आहे. सातबारा एकदम क्लिअर." मी म्हटलं, "मग दाखव."

आता इथे जरा थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण परदेशातली आपली मुलं नेमकी इथेच फसतात. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ज्याला आपण फेमा म्हणतो, तो १९९९ सालचा. त्याखालचे सध्याचे नियम २०१९ चे. त्या नियमांप्रमाणे परदेशात राहणारा भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात राहतं घर घेऊ शकतो, दुकान किंवा ऑफिस घेऊ शकतो. तीन गोष्टी मात्र त्याला विकत घेता येत नाहीत. शेतजमीन, मळे-बागायतीची मालमत्ता आणि फार्महाऊस. भारतीय पासपोर्ट आहे पण राहणं कायम परदेशात, अशालाही हेच लागू. आणि जो मूळचाच परदेशी, भारताशी काही नातं नाही आणि राहायलाही परदेशात, त्याला तर विकत घेता येतच नाही. फार तर पाच वर्षांपर्यंत भाड्याने घेता येतं.

म्हणजे जाहिरातीत जो शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो, फार्महाऊस, तोच शब्द कायद्यात मनाई म्हणून लिहिलेला आहे.

पुतण्या म्हणाला, "पण काका, आजोबांच्या जमिनीला वारस म्हणून माझं नाव लागलंय. मी शेतकरीच की!" त्याचं अर्धं खरं होतं. आपल्या राज्यात १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आहे. त्यानुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वारसाने जमीन आली तर ती अडचण दूर होते. वारसाने आलेली जमीन परदेशी नागरिकाला ठेवताही येते. पण त्यामुळे नवी शेतजमीन घ्यायची मोकळीक मिळत नाही. राज्याचा कायदा एक दार उघडतो, पण केंद्राच्या नियमाने दुसरं दार बंदच असतं. आणि ती वारसाची शेती पुढे कधी विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

मग आला नेहमीचा तोडगा. एजंट हळूच म्हणाला, "साहेब, काकांच्या मुलाच्या नावावर करू. घरातलंच तर आहे." पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मंडळी, माझ्या मुलावर त्याचा विश्वास आहे आणि माझाही आहे. तरी मी नाही म्हटलं. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, याला कायदा बेनामी म्हणतो. १९८८ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली. त्यात मालमत्ता सरकारजमा होते, एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे, शिवाय बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. फेमाचा दंड वेगळा, गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत. आणि कायदा बाजूला ठेवा. उद्या माझा मुलगा नसला, सुना-नातवंडांत मतभेद झाले, तर पुतण्या कोणत्या कागदावर हक्क सांगणार? अशा व्यवहारात सख्खी माणसं एकमेकांना कायमची तुटलेली मी बघितली आहेत.

तोवर सातबारा हातात आला होता. एजंटच्या भाषेत क्लिअर म्हणजे मालकाचं नाव एकच. मी इतर हक्काचा रकाना बघितला. तिथे कुळकायदा कलम ४३ चा शेरा होता. म्हणजे ही जमीन कधीकाळी कसणाऱ्या कुळाला कायद्याने मिळालेली. तिच्या विक्रीवर बंधनं असतात आणि ती नियमाप्रमाणे दूर झाल्याचा कागद लागतो. तो कागद एजंटकडे नव्हता. शेजारच्या गटाची तऱ्हा आणखी निराळी, ती आदिवासी खातेदाराची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. या डोंगरांच्या कुशीत ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची जमीन कवडीमोलाने जाऊ नये म्हणून हा कायदा आहे. तो आपल्याला अडचण वाटत असेल, तर आपण दुसऱ्या बाजूने विचार केलेला नाही एवढंच.

कागद मिटला आणि पुतण्याला म्हटलं, आता जमीन बघू. उतारावर जेसीबीने डोंगर कापून सपाट टप्पा केला होता. मागे बारा-पंधरा फुटांची उघडी लाल दरड. तिच्यातून पाणी झिरपत होतं. वरून येणारा एक ओहोळ भराव टाकून बुजवला होता. मी त्याला म्हटलं, तिकडे इर्शाळगडाकडे बघ.

१९ जुलै २०२३ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. माणसं झोपेत होती. वर जायला गाडीरस्ता नाही, त्यामुळे बचावपथकं पावसाचिखलात पायी चढली. २७ मृतदेह मिळाले. शोध थांबवावा लागला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं समजायचं कारण नाही. आपल्या रायगडातच २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळीये गेलं.

आपल्याकडे खाली काळा कातळ आणि वर मुरूम-मातीचा थर. चार दिवस संततधार लागली की पाणी मातीत मुरतं, कातळापाशी अडतं. माती जड होते, तिची पकड सुटते. उताराचा पायथा कापला की तिचा आधार जातो. ओहोळ बुजवला की पाणी स्वतःची वाट शोधतं. इर्शाळवाडीच्या लोकांनी डोंगर कापला नव्हता, तरी ते झालं. आपण तर हाताने कापतोय.

शिवाय माथेरान आणि भोवतालचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेला आहे. त्यात आजूबाजूच्या तालुक्यांतला भागही येतो. तिथे बांधकामावर, डोंगर उतरणीवरच्या कामांवर निर्बंध आहेत. आपला गट त्यात येतो का, हे एजंटला विचारायचं नाही. लेखी दाखला घ्यायचा.

परत निघालो तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी रानभाजी विकत बसली होती. सूनबाईने टाकळा घेतला आणि पाण्याकडे बोट दाखवून मोडक्या मराठीत म्हणाली, "खूप सुंदर." म्हातारी म्हणाली, "हाय ना बाय. पन ते पानी नवी मुंबईचं. आमी मे महिन्यात हंडा घेऊन फिरतो."

तिचं खोटं नाही. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं आहे आणि पाणी तिकडे जातं. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी पुनर्वसनासाठी अनेकदा आंदोलनं केली. समोर तळं दिसतं म्हणून आपल्या नळाला पाणी येईल असं नाही. बोअर मारली तर पाणी लागेल का, लागलं तर खालच्या वाडीच्या विहिरीचं काय होईल, हा प्रश्न घर घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

मग परदेशातल्या आपल्या माणसांनी इथे घर घेऊच नये का? जरूर घ्यावं. कायदा तसं म्हणत नाही. रीतसर बिनशेती झालेल्या जागेवरचं, मंजूर नकाशाचं राहतं घर घ्यावं. प्रकल्प मोठा असेल तर त्याची महारेरा नोंदणी बघावी. २०१७ पासून ही सोय आहे आणि नोंदणीची माहिती न्यू जर्सीत बसूनही बघता येते. तीस वर्षांचा सर्च घ्यावा, फेरफार एकेक करून वाचावेत, भूमि अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्यावी. रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, ते पाहावं. पैसे बँकेतूनच द्यावेत, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून. परकीय नोटा हातात देणं नियमातच बसत नाही. परदेशी जोडीदारालाही जोडीने एक घर घेता येतं, मात्र लग्न नोंदलेलं आणि किमान दोन वर्षांचं हवं. मुखत्यारपत्र दिलंच तर त्या एका कामापुरतं द्यावं, सगळ्या अधिकारांचं नको.

आणि माझा एक घरगुती नियम. जागा दोनदा बघावी. एकदा मे महिन्याच्या दुपारी, तळं खाली गेलेलं असतं आणि विहिरी तळाला लागलेल्या असतात तेव्हा. आणि एकदा जुलैत, चार दिवस पाऊस न थांबता पडल्यावर. या दोन दिवशी जी जागा आवडेल, ती वर्षभर आवडेल.

पुतण्याने ती जागा सोडली. परत जाताना विमानतळाच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, खरं म्हणजे मला तळं नको होतं. परत यायला एक जागा हवी होती." मी म्हटलं, "ती शोधू की. घाई काय आहे?"

पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा आला. उन्हात माझ्याबरोबर दहा घरं हिंडला. शेवटी कर्जतजवळ सपाटीवर, बिनशेती जागेतलं एक लहान घर दोघांच्या नावावर घेतलं. पहिल्या पावसात मीच तिथे जाऊन चार दिवस राहून आलो, छत गळतं का ते बघायला. गळत नाही. गच्चीवरून तळं काही दिसत नाही. डोंगर मात्र दिसतो, पुरेसा लांब.