खिशातला कॅमेरा आणि दोन मीटरचं अंतर
(धाराशिव येथील युवा छायाचित्रण शिबिरातलं भाषण)



सकाळपासून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय : रस्त्यावरचे फोटो काढायचेत, छोटा डिजिटल कॅमेरा कोणता घेऊ? मॉडेलची नावं मी सांगणार आहेच. पण घरातल्या कुणाच्या तरी कष्टाचे पैसे त्यात जाणार आहेत, म्हणून आधी तो कशासाठी हवाय ते बोलू.

आपल्या जिल्ह्यात कॅमेरा कधी बाहेर निघतो? लग्नात. निवडणुकीत. नवरात्रात तुळजापूरला. इथं ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या उरुसात. मुसलमानांचा फोटो पेपरात बहुतेक वेळा ईदच्या गळाभेटीचा येतो, नाहीतर बंदोबस्ताचा. मधले दिवस कुणी काढत नाही. पहाटे हातगाडीवर फळं रचणारा बागवान, गिऱ्हाइकाचं मनगट हलकेच दाबून बांगडी चढवणारी मणियारीण, शेळीबाजारात काळ्याभोर उस्मानाबादी शेळीचे दात बघून चाललेली घासाघीस, क्लासला उशीर झाला म्हणून भराभरा चाललेल्या मुली. हे रोजचं जगणं रोज तिथं असणाऱ्यालाच दिसतं, म्हणजे तुम्हाला. म्हणून कॅमेराही रोज जवळ राहील असा पाहिजे. कपाटात ठेवलेला मोठा कॅमेरा या कामाचा नाही.

हा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ काचेच्या प्लेटा वापरायचे, स्टँडवर अवजड कॅमेरा लावायचे. अशा कॅमेऱ्यापुढं लोकांना थांबून, सावरून उभं राहावं लागे. १९२५ साली लायका हा छोटा फिल्म कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकार चालता माणूस चालता असतानाच टिपू लागले. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ तर त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकून फिरायचे. तुम्हीही कॅमेऱ्यावरच्या नावावर काळी चिकटपट्टी लावा. दहा रुपयांत काम होतं.

आता निवड. पहिला सल्ला : महिनाभर फोनवरच काढा, पण बोटांनी झूम न करता. महिन्यानंतरही संध्याकाळच्या उजेडात फोटो खराब येतोय, फोन उघडेपर्यंत क्षण निघून जातोय, असं वाटलं तरच कॅमेरा घ्या.

दुसरी गोष्ट सेन्सर. मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका, सेन्सरचा आकार विचारा. एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६चा, म्हणजे क्षेत्रफळानं तिप्पट. सेन्सर मोठा तेवढा मगरीबनंतरच्या गल्लीतला फोटो स्वच्छ येतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेन्स. झूमचा मोह टाळा. लांबच्या झूमनं रस्त्यापलीकडून एखाद्या बाईचा चेहरा तिच्या नकळत ओढून घेता येतो. तो फोटो चांगला आला तरी तिचा-तुमचा काही संबंध तयार होत नाही. एकाच मापाची रुंद लेन्स तुम्हाला जवळ जायला लावते. २८ मिलिमीटरच्या लेन्सला दोन मीटरवरून साधारण अडीच मीटर रुंदीची चौकट मिळते. त्यात दुकानदार, त्याचा गल्ला आणि गिऱ्हाईक सगळे मावतात. ४० मिलिमीटरला तेवढ्याच अंतरावरून पावणेदोन मीटरच्या आसपास मिळते. एकट्या माणसासाठी ती बरी. पण दोन मीटरवरचा माणूस तुम्हाला बघतो, 'क्या कर रहे?' असं विचारतो, नको असेल तर हात आडवा करतो. हे व्हायलाच पाहिजे.

यात बसणारे तीन पर्याय सांगतो. रिको जीआर-थ्री : २०१९चा, एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटर, वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो. त्याच्या थ्री-एक्स भावाला ४०ची लेन्स आहे. पण बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटोंचीच, म्हणून दोन ठेवा. व्ह्यूफाइंडर नाही, एप्रिलच्या भर दुपारी पडदा दिसणं अवघड जातं. आणि आपल्याकडच्या धुळीपासून त्याला जपावं लागतं. कापडी पिशवीत ठेवा. फुजीचा एक्स-१००-सिक्स २०२४चा, ३५ मिलिमीटर, व्ह्यूफाइंडरसकट. उत्तम आहे, पण नवा दीड लाखाच्या पुढे जातो. कर्ज काढून घेण्यासारखं त्यात काही नाही. तिसरा जुन्या बाजारातला सोनीचा पहिला आरएक्स-१००, २०१२चा, एक इंची सेन्सर. त्याला झूम आहे, पण चालू केला की तो २८वर उघडतो. तिथंच सोडा.

जुना घेताना अपर्चर पुरतं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. लेन्स दहा वेळा उघडून-मिटून आवाज ऐका. बिल मागा.

वापरायची युक्तीही ऐका. जीआरवर अपर्चर एफ ८, फोकस दोन मीटरवर पक्का, शटर एक भागिले अडीचशे किंवा त्याहून जलद. एवढं केलं की साधारण एक मीटरपासून चाळीस मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावं लागत नाही आणि तुमचं लक्ष माणसाकडं राहतं.

आता अवघड भाग. हल्ली गर्दीत कॅमेरा घेतलेल्या अनोळखी पोराला नाव विचारलं जातं आणि नाव ऐकून सूर बदलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याच मोहल्ल्यात कॅमेरा घेतलेल्या मुलीला वेगळे प्रश्न पडतात. छोटा कॅमेरा यावरचा उपाय म्हणून लपवायला वापरू नका. लपवलेला कॅमेरा सापडला की संशय दुप्पट होतो. तो गळ्यात, दिसेल असा ठेवा. सुरुवातीला दोघं-दोघी मिळून जा. कुणी नको म्हटलं तर पडद्यावर दाखवून फोटो पुसा, वाद घालू नका. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय काढू नका, कुठं टाकू तर मुळीच नका. जत्रेत असो की दर्ग्यात, दुःखात आणि दुआत असलेल्या माणसाला एकटं सोडा.

सुधारक ओलवे यांचं काम जरूर बघा. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यात वावरून काढले. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असं काम पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडं जाण्यातून होतं.

म्हणून कॅमेऱ्याच्या बजेटमधून थोडे पैसे प्रिंटसाठी बाजूला काढा. एक-दोन चहाच्या पैशात चार बाय सहाची प्रिंट निघते. ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या आठवड्यात ती नेऊन द्या. त्या दुकानात तुम्ही मग कॅमेरावाला अनोळखी पोरगा राहत नाही. आणि त्याच्या शेजारचा दुकानदार, तो कुठल्याही धर्माचा असो, म्हणेल, 'आमचाबी काढ की.'

उद्या संध्याकाळी फोन घेऊन निघा. एकच गल्ली, एकच तास, दहाच फोटो. महिनाभरानं ते घेऊन या, मग कुणाला कोणता कॅमेरा लागतो ते त्या फोटोंवरूनच ठरवू.