माशांची टाकी आणि घरची काटकसर

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात, ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



या कट्ट्यावर आतापर्यंत गुडघेदुखी, मृत्युपत्र आणि चारधाम यात्रा हे विषय झाले. आज माझ्या वाट्याला मासे आले आहेत. खाण्याचे नव्हेत, पाळण्याचे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सूचनाफलक वाचून दोघांनी मला लिफ्टमध्ये सुरमईचा भाव विचारला.

विषयाचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून 'ए' विंगच्या लॉबीत चार फुटी फिशटँक बसवावा, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. मी गेली चाळीसएक वर्षं घरात मासे पाळतो, म्हणून समितीने मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी ठरावाच्या विरुद्ध नाही. पण हात वर करण्याआधी आपण नेमकं काय घरात आणतोय, हे सर्वांना कळलं पाहिजे.

आधी हिशेब. बँकेची सवय, जात नाही. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच धरा. म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर पाणी मावतं, म्हणजे झालं 255 लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या वर वजन एका जागी उभं राहणार. ते टीपॉय नाही, की दिवाळीत रांगोळीसाठी जरा बाजूला सरकवू.

आता त्या पाण्यात काय घडतं ते बघा. बाळांनो, तुम्हीही ऐका. मासा खातो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, तोही बराचसा कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनियाच. हा अमोनिया माशाला विष आहे. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. टाकीत जायला जागाच नाही. मग वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे सूक्ष्म जीवाणू कामाला लागतात. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्यामानाने सौम्य असतं आणि वनस्पतींना खत म्हणून चालतं. ही मंडळी नव्या टाकीत जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणून सकाळी टाकी आणली, संध्याकाळी वीस मासे सोडले आणि आठवड्यात एकेक उलटा तरंगू लागला, असं घरोघरी होतं. लोक म्हणतात, दुकानदाराने आजारी मासे दिले. बहुतेक वेळा मासे ठणठणीत असतात, पाणी तयार नसतं.

आणखी एक गैरसमज. महिन्यातून एकदा सगळी टाकी रिकामी करून, वाळू नळाखाली खळखळून धुवायची, म्हणजे स्वच्छता! अहो, त्यात ते कष्टाळू जीवाणूच धुऊन जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी आठवड्याला चौथा हिस्साच बदलायचं. नवं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासा तुमच्याकडे बघून तोंड उघडतो, म्हणजे तो उपाशी आहे असं नव्हे. आमची नातवंडंही बिस्किटाचा पुडा दिसला की तसंच करतात.

तर मुद्दा असा, की टाकीला 'बाहेर' नसतं. आपण आत जे टाकलं ते आतच राहतं, फक्त रूप बदलतं. चिमूटभर जास्त टाकलं तरी त्याची नोंद होते आणि कोणीतरी ती फेडतो. आपल्या घराचं गणित आपण याच्या अगदी उलट करून ठेवलं आहे. कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली की संपलं, असं आपण धरून चालतो.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे 'बाहेर टाकणं' जवळजवळ नव्हतंच. आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं आणि रिकाम्या बाटल्या धुऊन परत न्याव्या लागत. वाणी साखर रद्दीच्या कागदात बांधून देई. घरी आल्यावर पुडीचा दोरा सोडवून गुंडीला गुंडाळायचा आणि कागद घडी करून ठेवायचा. डालड्याच्या डब्यात तुळस. जुने कपडे बोहारणीकडे, आणि एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस. त्यातूनही उरलेल्या लुगड्यांची गोधडी. पावसाआधी छत्रीवाला दारावर यायचा, मोडलेली काडी बदलून जायचा. पितळेच्या भांड्यांना कल्हई लागे. बँकेतसुद्धा आलेलं पाकीट उलटं करून, पुन्हा चिकटवून वापरणारे हेडक्लार्क मी पाहिले आहेत. आम्ही तरुण मुलं तेव्हा हसायचो.

मासे पाळणंही त्याच चालीचं होतं. चर्नी रोडला 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. आम्हा गिरगावकरांना ते पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे मासे बघून आलेल्या पोराला घरी टाकी हवी असायची, आणि घरात मिळायची ती हॉर्लिक्सची रिकामी बाटली. ज्याच्याकडे खरी टाकी असे, ती लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीने काचा बसवलेली. गळू लागली की पुन्हा पुटी भरायची, गंज खरवडून रंग मारायचा, की आणखी पाच वर्षं निश्चिंती. गप्पी तर कोणी विकत घेतच नसे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही साधारण दर महिन्याला. त्यामुळे विरजण मागावं तसे गप्पी शेजारी मागायचे. स्टीलच्या डब्यातून चार मासे आणि एक हिरवी काडी घरी यायची. काही महिन्यांनी आपल्याकडचे तिसऱ्याला.

आता इथे बसलेल्या भगिनींच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. ती काटकसर काही आम्ही पुरुषांनी केलेली नव्हती. बाटल्या धुणारे हात आईचे, गोधडीचे टाके आजीचे. आणि हौसेनेही ते होत नव्हतं, वस्तूच नव्हत्या. पगार वीस तारखेला संपायचा. म्हणून 'आमच्या वेळी बघा कसं होतं' असं मी म्हणणार नाही. मिक्सर आला, गॅस आला, बायकांचे कष्ट कमी झाले, हे उत्तमच झालं. परत पाट्यावर वाटण वाटा, असं सांगायची माझी हिंमत नाही. घरी मला कोण जेवायला घालेल?

पण त्या काळातली एक गोष्ट गरिबीची नव्हती, शहाणपणाची होती. वस्तू घरात येतानाच तिचं पुढे काय होणार, हे ठाऊक असायचं. आज मासासुद्धा विचार न करता आणला जातो. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून गोल भांड्यात एक गोल्डफिश. गोल्डफिश हा दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा, वीतभर वाढणारा मासा आहे, आणि घाणही भरपूर करणारा. त्याला एक लिटरच्या बाउलमध्ये ठेवायचं, म्हणजे आपण पाचजणांनी लिफ्टमध्ये संसार मांडण्यासारखं आहे. तो पंधरा दिवसांत मरतो. भांडं जातं कचऱ्यात, मुलाला दुसरा मासा मिळतो. मुलगा यातून काय शिकला? की जीवही डिस्पोजेबल असतो. गेल्या वर्षभरात आपल्या गेटजवळच्या भंगारात मी तीन टाक्या पाहिल्या. त्यातल्या एकीला नुसती सिलिकॉनची एक रेघ मारायची होती.

आणि ज्यांना मासा मारवत नाही, ते त्याहून मोठी गडबड करतात. मे महिन्यात गावाला निघताना मासे तलावात 'मोकळे' सोडून येतात. आपलं ठाणं तलावांचं शहर. मासुंदा, उपवन, कचराळी, केवढं वैभव आहे हे! त्यात हे पाहुणे जातात. टाकीची काच साफ करतो म्हणून आपण जो काळपट सकर मासा आणतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुकानात बोटाएवढा असतो, वाढून फूटभराच्या वर जातो. अंगावर चिलखतासारखी खवलं आणि काटे, त्यामुळे इथे त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. उजनी धरणात हा मासा इतका वाढला, की मच्छीमारांच्या जाळ्यात रोहू-कटल्याऐवजी तो येतो, जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली अडचण कुणाच्या तरी पोटावर आली. गप्पीसुद्धा आपण होऊन तलावात सोडू नयेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं ते सोडतं, पण कुठे सोडायचे हे त्यांनी बघावं. आपण पुण्य म्हणून ते करायला जाऊ नये.

आता ठरावाकडे येतो. टाकी बसवायची तर माझ्या चार विनंत्या आहेत, त्या इतिवृत्तात घ्याव्यात.

पहिली, नवी टाकी विकत घेऊ नये. 'सी' विंगमध्ये एक चार फुटी टाकी तीन वर्षं माळ्यावर पडून आहे, मालक द्यायला तयार आहेत. ती आधी गच्चीवर आठ दिवस पाणी भरून तपासू.

दुसरी, आधी पाणी आणि वनस्पती, मग सहा आठवड्यांनी मासे. उद्घाटनाच्या दिवशी टाकीत मासे कमी दिसले तर पाहुण्यांना कारण सांगू. फीत कापायला मासे लागत नाहीत.

तिसरी, पाणी गटारात जाता कामा नये. आठवड्याला चौथा हिस्सा म्हणजे सुमारे 64 लिटर, वर्षाला तेहतीसशे लिटरच्या वर. हे नायट्रेटचं पाणी झाडांना उत्तम. मे महिन्यात आपण टँकर मागवतो आणि माळीबुवा बागेला नळी लावून बसतात, तेव्हा या पाण्याचा नीट उपयोग होईल. माझ्या बाल्कनीतला मोगरा गेली कित्येक वर्षं याच पाण्यावर आहे. खात्री करायची असेल त्यांनी चहाला यावं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. कंत्राट देऊन टाकी सांभाळू नये. कंत्राटी माणूस महिन्याने येणार, सगळं पाणी उपसणार आणि मेलेल्या माशांच्या जागी नवे सोडून बिल देणार. आपल्याला कळणारही नाही किती मेले. त्यापेक्षा दर रविवारी दोन मुलं आणि एक ज्येष्ठ अशी पाळी लावू. टाकीशेजारी एक वही ठेवू. पाणी किती काढलं, कोणत्या झाडांना घातलं, खाणं कोणी घातलं, कोणता मासा गेला, सगळं तारीखवार लिहायचं. अशी बारा नावं सर्वसाधारण सभेपर्यंत मिळाली, तर मी ठरावाच्या बाजूने हात वर करीन. नाही मिळाली, तर त्या जागी एक बाक ठेवावा. बाकाला खाणं लागत नाही, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना लिफ्ट येईपर्यंत त्याची गरज आहे.

वही मी आणली आहे. पहिल्या पानावर पहिलं नाव माझं लिहिलंय, अकरा जागा रिकाम्या आहेत. चहा मागच्या टेबलावर आहे. कप स्टीलचे आहेत, घेतलेला कप ज्याने त्याने विसळून ठेवावा.