पाण्याची वाट तुटली की बियाणंही तुटतं

(रोडपालीच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरच्या लोकांना येणं जमलं नाही, त्यांच्यासाठी देत आहोत.)



बैठक रोडपालीला का, असं कित्येकांनी विचारलं. आपण डोंगराकडचे, इथे तर नुसत्या इमारती. पण डोंगरावर पडलेला पाऊस याच बाजूने खाडीला जातो. कासाडी नदी तळोज्याच्या कारखान्यांजवळून येते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. त्याआधी खाजण, भातखाचरं, तळी एकमेकांना लागून होती. आता मधे भराव आहे, हमरस्ता आहे, रेल्वे आहे. पाणी आहे, पण तुकड्या-तुकड्यांत.

तुकडे झाले की दोन गोष्टी जातात. पहिली सगळ्यांना दिसते. मरळ, चिंबोरी, निवटी, जिताडा यांतलं एकेक नाव कमी होतं. याला जाती जाणं म्हणतात. दुसरी दिसत नाही. जात राहते, पण तिच्यातले निरनिराळे वाण जातात. कुणी खारं पाणी सोसणारा, कुणी रोगाला न बधणारा, कुणी कमी पाण्यात तग धरणारा.

हे कसं होतं, ते आपल्याला शिकवायला नको. आपल्यात एका कुळीत सोयरीक होत नाही. तळ्यात कोंडलेल्या मरळीला दुसरी कुळी कुठून मिळणार? पिढ्यान् पिढ्या भाऊबंदकीतच पैदास होते. शिवाय मूठभर बियाण्यात कणगीतलं सगळं येत नाही. थोड्यांतून थोडंच पुढे जातं.

मिरगाच्या पहिल्या पावसात वलगण चढते. मासे ओढ्याने उलटे वर येतात, खाचरात अंडी टाकतात. नवं रक्त त्याच वाटेने येतं, आणि नव्या जातीही त्याच वाटेने येतात. म्हणून पाणी मोठं आणि जोडलेलं असलं की बहुतेक वेळा दोन्ही भरपूर असतात. तुकडा लहान आणि एकटा पडला की दोन्ही घटतात.

पण दोन्ही एकाच वेळी घटतील असं नाही. जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. तळ्यात सोडलेला जिताडा वाढतो, पण तिथे त्याची पैदास होत नाही. पाहणी करणारा साहेब येतो, जिताडा दिसला म्हणून लिहून जातो. वाट बंद असेल तर ते मासे मेले की संपलं. यादी पुरी दिसते, आतून बियाणं रिकामं झालेलं असतं. म्हणून ‘सगळ्या जाती सापडल्या’ एवढ्यावर आपण समाधान मानायचं नाही.

वाण गेला तर काय बिघडतं? पनवेलचाच दाखला घ्या. खारजमिनीत आपल्या लोकांनी काळा राता, भुरा राता हे लाल भात पिढ्यान् पिढ्या राखले. आयआर-८ हे बुटकं, भरघोस भात १९६६ मध्ये फिलिपिन्समधून आलं, पण ते खार सोसणारं नव्हतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१ हा वाण काढला, तो आयआर-८ आणि भुरा राताच्या संकरातून. गरिबाच्या खाचरात भुरा राता टिकला नसता, तर केंद्राने खार सोसणारा गुण कुठून आणला असता?

आता कायद्याचं. २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीचं पात्र, भातखाचर, मिठागर आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेलं तळं पाणथळ धरलेलं नाही. म्हणजे एखादं तळं वाचलं, तरी त्याला जोडणारी वाट उघडीच पडते. घाव तिथेच बसतो.

आपल्या हातात २००६ चा वनहक्क कायदा आहे. रोडपालीच्या भरावावर तो चालणार नाही, पण पाड्यांवरच्या वनजमिनीवर चालतो. कलम ३ प्रमाणे मासे आणि पाण्यातल्या इतर वस्तूंवर सामूहिक हक्क मिळतो. कलम ५ प्रमाणे ग्रामसभेला जैवविविधता, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार आहे.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने एवढं करावं:

१. सामूहिक दाव्याच्या नकाशात नुसतं तळं-डोह दाखवू नका. वलगणीचा ओढा वरपासून खालपर्यंत काढा.

२. म्हाताऱ्या माणसांना विचारून दोन याद्या करा. एक जातींची. दुसरी वाणांची: भात, नाचणी, वरी, मासे. कोण कुठे दिसत होतं, कधीपासून दिसत नाही, तेही लिहा.

३. ओढ्यावर मोरी किंवा बंधारा येत असेल तर मासा वर चढेल का, हे ठराव घालून लेखी विचारा.

४. वलगणीत सगळी गाभोळी वाटेतच काढायची नाही. किती सोडायची ते गावाने ठरवावं.

५. बियाणं एका घरात ठेवू नका. या पाड्याचं त्या पाड्याला द्या. सोयरीक तशी बियाण्याची.

रोडपालीला पाण्याची वाट तुटताना कुणी विचारलं नाही. आपल्या ओढ्याचं विचारायला लागेल, असं करून ठेवू.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!