लांब दांड्याचं ओगराळं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी संगणकावर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण ज्या शाळेत मी एक गोष्ट लपवली, तिथेच ती आज सांगावी असं वाटलं.

सहावीत असताना पावसाळ्यात मी पंधरा दिवस शाळेत आले नव्हते. बाईंनी विचारलं तेव्हा ‘ताप होता’ म्हणून सांगितलं. खरं तर माझा दहा महिन्यांचा भाऊ गेला होता. त्याला दोन दिवस जुलाब होत होते. आज्जी म्हणाली, ‘पाणी पाजू नका, आणखी होईल.’ तिसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. आज्जीचा त्याच्यावर फार जीव होता. तिला माहीत नव्हतं, एवढंच.

आमच्या कामात प्रणाली बंद पडली की शेवटी काय बिघडलं, एवढं पाहून भागत नाही. चूक कुठून आत शिरली, ते मागे मागे जाऊन शोधावं लागतं. भावाच्या बाबतीत मी ते पुढे कितीतरी वर्षांनी केलं. वाटा एक नव्हे, अनेक होत्या.

नळाची पाइप गटारीतून गेलेली. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपमध्ये फुटक्या जागेतून गटारीचं पाणी शिरतं आणि नळ आला की पहिल्यांदा तेच घरात येतं. हंड्यात तांब्या बुडवताना बोटंही बुडायची. शुद्ध पाणीसुद्धा घरात येऊन असं नासतं. भावाला वरचं दूध बाटलीनं सुरू केलेलं. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तान्ह्या बाळाची शी ‘काही घाण नसते’ म्हणून उकिरड्यावर जायची, आणि त्याच हातांनी भात कालवला जायचा. त्यात मूल अशक्त असलं की जुलाब लांबतात आणि जुलाबानं ते आणखी अशक्त होतं.

उपाय मात्र तेव्हाही होता. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी कामाचं. वीस वर्षांनीही ही माहिती आमच्या घरापर्यंत पोचली नव्हती.

म्हणून आज एवढंच सांगते. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पुडा नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे लहान, चहाचे. चमच्याचमच्यानं पाजा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. मूल मलूल पडलं, पिईना झालं, डोळे खोल गेले किंवा शीतून रक्त आलं तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. रोटा विषाणूची लस २०१९ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात मिळते. ती चुकवू नका.

आपल्यातले कुणी नेसरीकडे शिक्षक आहेत, कुणी नूल-हलकर्णीकडे ग्रामपंचायतीत, कुणी अंगणवाडीत. माझ्यापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. आपल्या गावाचं कुठलं, ते विचारा. टीसीएल पावडर पडते का, जलसुरक्षक ओटी चाचणी शेवटच्या नळाच्या पाण्याचीही करतो का, ते स्वतः उभं राहून बघा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

भाऊ गेल्यानंतर काही वर्षांनी आईनं बाजारातून लांब दांड्याचं ओगराळं आणलं आणि हंड्याशेजारी टांगलं. त्यावर ती कधी काही बोलली नाही. पण पाहुणा आला तरी हंड्यात हात घालू देत नाही.

बाई, तेव्हा खोटं बोलले. आज खरं सांगितलं.