आज्ञा आणि आस्था



२०१७ साली आपल्या इंदूरला देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळाला. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे घरोघरी अंगवळणी पडले. मग हीच माणसे कार्यालयात रिकाम्या खोलीतला पंखा का बंद करीत नाहीत? मी भाषेचा अध्यापक. परंतु माणूस एखादे काम का करतो, हा प्रश्न साहित्याचाही आहे.

मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथील आमच्या विभागाच्या शिपायांना आम्ही मामा म्हणत असू. एका बाजूने कोरे राहिलेले कागद जुळवून ते टिपणवह्या शिवीत. तास संपताच वर्गातले दिवे मालवीत. कोणी सांगितले नव्हते. पुढे परिपत्रक निघाले : बचतीची रोज नोंद करावी, चूक झाल्यास लेखी खुलासा द्यावा. विभागप्रमुख म्हणून त्यावर माझीही सही होती. नोंदवही नियमित भरू लागली. टिपणवह्या मात्र बंद पडल्या. विचारले तेव्हा मामा म्हणाले, "सर, आधी ते माझं काम होतं. आता ते साहेबांचं झालं."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. २०१४ साली व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीत अर्थशास्त्रज्ञांनी ३३५ कॅप्टनांबरोबर इंधनबचतीचा एक प्रयोग केला. काहींना स्वतःच्या इंधनवापराचा मासिक अहवाल मिळे, काहींना त्यासोबत वैयक्तिक लक्ष्य. आणखी काहींच्या लक्ष्यपूर्तीबद्दल धर्मादाय संस्थेस देणगी दिली जाई. स्वतःसाठी बक्षीस नव्हते, दंडही नव्हता. आपल्या वापराची पाहणी होत आहे एवढे कळल्यानेही वर्तन बदलले. लक्ष्य मिळालेल्यांत बदल अधिक दिसला. देणगीने बचतीत विशेष भर पडली नाही. लक्ष्य गाठणाऱ्यांचे कामातील समाधान मात्र वाढले.

नोंद तेथेही होती. पण ती कॅप्टनच्या हाती दिलेली होती, त्याच्याविरुद्ध ठेवलेली नव्हती. उड्डाणातील निर्णय त्याचाच राहिला. आमच्या परिपत्रकाने मामांचा निर्णय काढून घेतला आणि खुलासा तेवढा त्यांच्याकडे ठेवला.

मित्रहो, आपणांपैकी अनेक जण आज कार्यालये चालवितात. बचतीचा आदेश काढण्यापूर्वी, ती न सांगता कोण करीत आहे, हे आधी पाहावे. त्यास विचारावे, त्याच्या कामाचे फळ त्यास दाखवावे आणि आपल्या खोलीतला दिवा आपण स्वतः मालवावा. मी हे केले नाही, म्हणूनच आज सांगतो आहे.