स्वस्त आणि किफायतशीर

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनें २०२१ सालीं लठ्ठपणाबरोबर मधुमेह किंवा रक्तदाब जडलेल्या प्रौढांसाठीं १२ आठवड्यांचा ऑनलाइन वजन-नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. रोग्यास तो विनामूल्य, भार तिजोरीवर. जागेचें भाडें नाहीं, प्रवास नाहीं. म्हणून तो स्वस्त. परंतु स्वस्त तें किफायतशीर असतेंच असें नाहीं. समजा, १०० जणांवर प्रत्येकीं १,००० रुपये खर्चिले आणि वर्षाअखेर २० जणांचेंच वजन उतरलेलें राहिलें. तर एका यशाची किंमत ५,००० रुपये पडली. प्रत्येकीं २,००० रुपयांच्या, परंतु मार्गदर्शकाची सोबत देणाऱ्या उपक्रमांत ५० जणांचें यश टिकलें, तर तीच किंमत ४,००० भरते. तेव्हां तिजोरी सरकारची असो वा घरची, दर विचारावाच. पण वर्षानंतर किती जणांचें यश टिकतें, हें आधीं विचारावें.