झिजलेले बेअरिंग काय सांगते?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. यंत्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज मी इंजिनाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण असे की, आयटीआय करून गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने एकदा झिजलेले बेअरिंग माझ्या हातावर ठेवले आणि म्हटले, "सर, हे वाचता येतं." त्या एका वाक्याने मला या विषयाची गोडी लागली.

बेअरिंगची सर्वांत कठीण परीक्षा अमेरिकेतल्या ड्रॅग रेसमध्ये होते. सरळ रस्ता, दोन गाड्या आणि काही सेकंदांचा खेळ. १९५१ साली तेथे या शर्यतींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मूळ अंतर पाव मैलाचे. पण २००८ मधल्या एका प्राणघातक अपघातानंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी ते १००० फुटांवर आणले गेले. हे अंतर त्या गाड्या ४ सेकंदांच्या आत तोडतात आणि ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातात. त्यांच्या इंजिनावर सुपरचार्जर असतो. हा यंत्राने फिरणारा पंप सिलिंडरमध्ये हवा कोंबून भरतो. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त, आणि इंधन जास्त म्हणजे पिस्टनवर दाब जास्त. तो सारा दाब कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर उतरतो. रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये असते ते बेअरिंग. पोलादी पाठीवर मऊ धातूचा पातळ थर चढवलेल्या त्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात.

एवढा भार ही पातळ पट्टी पेलते कशी? खरे तर पट्टी पेलत नाही, तेल पेलते. १८८३ साली इंग्लंडमध्ये टॉवर नावाच्या अभियंत्याने तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलाने तीही बाहेर ढकलली! फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो, हे यातून उघड झाले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. म्हणजे बेअरिंग झिजले, तर तो पडदा कोठेतरी फाटला असे समजावे. प्रश्न एवढाच की, तो का फाटला?

समजा, एका गाडीचे तेच एक बेअरिंग तिसऱ्यांदा झिजले आहे. घाईचा माणूस नवे बसवतो, तेल जाड घालतो आणि पुन्हा शर्यतीला उभा राहतो. चौथ्यांदा रॉडच तुटून इंजिन फोडून बाहेर येतो. शहाणा मिस्त्री मात्र जुने बेअरिंग फेकत नाही. प्रत्येक पट्टीवर नंबर टाकून तो सगळ्या ओळीने मांडतो आणि त्यांना प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : सगळी झिजली की एकच? सगळी झिजली असतील, तर दोष बहुधा तेलाचा. गाडी झेप घेताना ऑइल चेंबरमधले तेल मागे सरकते आणि पंपाला तेलाऐवजी हवा मिळते. किंवा न जळलेले इंधन तेलात उतरून ते पातळ होते. अशा वेळी तेलाला इंधनाचा वास येतो. इंधन मिथेनॉल असेल, तर तेल दुधाळ दिसते.

दुसरा प्रश्न : कोणती पट्टी झिजली? रॉडकडची वरची झिजली असेल, तर स्फोटाचा दाब बेसुमार झाला आहे. खालची, म्हणजे कॅपकडची झिजली असेल, तर अति वेगात पिस्टनने रॉडला दिलेला हिसका कारण असू शकतो.

तिसरा प्रश्न : पट्टीवर नेमके कोठे झिजले? एकाच कडेला घासले असेल, तर रॉड वाकला आहे का ते पाहावे. दोन पट्ट्या जुळतात त्या सांध्यापाशी घासले असेल, तर रॉडचे भोक गोल राहिलेले नाही किंवा कॅप सरकली आहे.

त्यानंतर मोजमाप. क्रँकच्या दर इंच व्यासामागे सुमारे एक हजारांश इंच मोकळीक, हा जुना ठोकताळा. अशा इंजिनात ती थोडी अधिक ठेवतात. येथे डोळ्यांचा अंदाज चालत नाही, मायक्रोमीटरच लागतो.

आपल्या उदाहरणात एकाच सिलिंडरची वरची पट्टी झिजली आहे आणि माप बरोबर आहे. मिस्त्री आता त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढतो. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसतात. म्हणजे नॉकिंग! सुपरचार्जरची हवा सर्व सिलिंडरांत सारखी वाटली जात नाही. या सिलिंडरला हवेच्या मानाने इंधन कमी पडत होते. तेथे अवेळी स्फोट होत होता आणि प्रत्येक स्फोट तेलाच्या पडद्यावर हातोडा मारीत होता. दोष बेअरिंगचा नव्हताच. आता उपाय करताना तो एका वेळी एकच बदल करतो. आधी त्या सिलिंडरचे इंधन वाढवतो आणि पुन्हा उघडून पाहतो. गरज पडली, तरच ठिणगीची वेळ मागे घेतो किंवा सुपरचार्जरचा वेग कमी करतो. सगळे एकदम बदलले, तर नेमके कशाने बरे झाले ते कधीच कळत नाही.

मित्रहो, हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. माझ्या वर्गातला एक मुलगा गणितात तीनदा नापास झाला. तिन्ही वेळा मी प्रगतिपुस्तकावर "अभ्यास कमी" असे लिहिले. वडिलांनी दोनदा शिकवणी बदलली, एकदा मारलेही. शेवटी मी त्याच्या तिन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या. बीजगणित असो वा व्याज, प्रत्येक चुकीची सुरुवात अपूर्णांकापाशी होत होती. तो भाग शिकवला जात असताना तो आजारपणामुळे महिनाभर घरी होता. मी नुसते नवे बेअरिंग बसवीत होतो. जुने वाचले नव्हते. त्या महिन्याचा धडा त्याला पुन्हा शिकवला आणि तो पास झाला. त्याने खाल्लेला मार मात्र मला परत घेता आला नाही.

पालकहो, नापासाची उत्तरपत्रिका फाडू नका, ती वाचा. विद्यार्थ्यांनो, चुकलेले उदाहरण खोडू नका. कोठे चुकले तेथे खूण करा. आणि ज्यांना यंत्रांची आवड आहे, त्यांनी वर्कशॉपमध्ये हात काळे करायला लाजू नये. त्या कामालाही वाचन लागते आणि डोके लागते.